किसनच्या पत्रातला भात

"हालव बे! खालून जयून राह्यला तो! हालव!"

ओरडत होते नारायणमामा, सखुमावशीचे भाऊ. वेळ सकाळी अकरा चाळीस. ठिकाण रिठद, मावशीचं अंगण. चुलवणावर भाताचा भला मोठा गंज, झाकणावर निखारे, आणि गंज व मामा यांच्या मधे मी, सराटा, म्हणजे लांब दांड्याचं उलथणं, रायफलसारखा छातीशी आडवा धरून.

"झाकनाले हात लावनार नाई, मामा. अन् तुमालेबी लावू देनार नाई."

"सारी वस्ती जेवाले येऊन राह्यली, अन् हा मले ड्यूटी दाखवते!"

एकाहत्तरच्या लढाईनंतरचा तो पहिला उन्हाळा. मी कंपनीचा कुक, रजेवर आलेला. मावशीचा मुलगा, लान्स नायक किसन, लढाईत गेला होता. त्याच्या पुण्यानुमोदनाला मावशीने वस्तीला भात घालायचं ठरवलं, कारण किसन पत्रात लिहायचा, आमच्या लंगरचा, म्हणजे कंपनीच्या भटारखान्याचा, भात मोगऱ्याच्या कळ्यांसारखा सुटा असतो. तांदूळ होता तेवढाच. लगदा झाला असता तर लोक म्हणाले असते, किसन्या थापा मारत होता. माझी अब्रू गेली असती तरी चाललं असतं, ती फारशी नव्हतीच. पण मेलेल्या माणसाचा शब्द खोटा पडू देणार नव्हतो. मामाच काय, प्रत्यक्ष जनरल साहेब आले असते तरी मी सराटा उगारला असता.

तसा मामांचा दोष नव्हता. आम्ही ज्वारीची माणसं. कण्या शिजवताना हात थांबला की गोळे होतात, म्हणून आमच्याकडे सणासुदीचा भातही कण्यांसारखाच घोटत. मीसुद्धा लंगरमधला पहिला भात असाच घोटला. सुभेदार साहेबांनी त्यात पळी रोवली. ती परेडला उभी राहावी तशी उभी राहिली. त्याच भाताने आम्ही एक बंकर लिंपला, आणि माझ्या माहितीप्रमाणे तो अजून उभा आहे.

"ये क्या है?"

"चावल, साब."

"किसने मारा इसको?"

किसन तेव्हा किनाऱ्याकडच्या ठाण्यातून बदलून आमच्या कंपनीत आला होता. भात तो तिथे शिकला, मी त्याच्याकडून. तांदूळ तीन पाण्यांनी धुवायचा, पण रगडायचा नाही, दाणा मोडतो. अर्धा तास भिजू द्यायचा. पाणी तांदळाच्या वर बोटाचं एक पेर. मीठ, आणि लिंबाचे चार थेंब. मोठ्या आचेवर पाणी आटून वर भोकं दिसू लागली की जाळ ओढून घ्यायचा, झाकण ठेवायचं, वर निखारे. पाव तास.

"अन् मंग?" मी विचारलं.

"मंग हात बांधून बस. तेच तुले जमत नाई."

झाकण काढल्यावरही घोटायचं नाही. कडेने सराटा घालून हलकेच मोकळा करायचा. घरातल्या चार माणसांचा असो की शंभर जवानांचा, कायदा हाच. महिनाभरात माझा भात असा झाला की वारा तिकडे वाहत असला तर सरहद्दीपलीकडचे पहारेकरी भुकेने ड्यूटी सोडत.

इथून पुढचं वाढवून सांगत नाही.

लढाईतल्या त्या सकाळी ०६३० ला भात दमावर ठेवला. ०६३५ ला तोफेचे गोळे पडू लागले. कालव्यापलीकडची तीन नंबर प्लाटून आदल्या दिवसापासून उपाशी होती. सुभेदार साहेब खंदकातून ओरडले, "लंगर छोड़ो! नीचे आओ!"

"दस मिनट, साब. कच्चा नहीं भेजूँगा."

किसन माझ्याशेजारी बसून राहिला. ०६४५ ला झाकण काढलं, दोन डबे भरले. ते त्याने उचलले. ०७२० ला वायरलेस बोलला: "तीन नंबर. खाना मिला. ओव्हर."

०७५० ला सुभेदार साहेबांनी विचारलं, "लान्स नायक वापस पहुँचा?"

"नहीं, साब."

रिठदला मी झाकण काढलं ते अकरा पन्नासला. मामांनी चिमूटभर भात तळहातावर घेतला आणि बोटाने पसरला. शीत शिताला चिकटत नव्हतं.

"किसन्या खरंच लिहे," ते म्हणाले. मग माझ्या हातातला सराटा ओढून घेऊन स्वतः वाढायला उभे राहिले.

सारी वस्ती जेवली. मावशी शेवटी बसली. तारेतून तिला मुलगा गेल्याचं कळलं होतं, कसा गेला ते नाही. मी सांगितलं. डबे पोचले. बावीस जण जेवले. परत येताना कालव्याच्या बांधावर त्याला लागलं.

तिचा घास हातातच राहिला.

"तो जेवला व्हता?"

"नाई, मावशे," मी म्हटलं. "वापस आल्यावर जेवतो म्हनला."