देवाची पत्रिका मामाच्या हातात

सोळाव्या वर्षी मी पहिल्यांदा एकट्याने कोल्हापूरला निघालो, तेही अण्णांचा कोट घालून. अण्णा म्हणजे माझे वडील. उसाच्या सरीत पाय मोडून ते प्लास्टरमध्ये अडकले आणि ताईच्या लग्नाच्या दोन पत्रिका माझ्याकडे आल्या. पहिली जोतिबाला, कारण कुलदैवताआधी कुणाला आवतण (आमंत्रण) देत नाहीत. दुसरी मंगळवार पेठेतल्या मामाला. आमच्या घरच्या एका बारशात टॉवेल-टोपीचा आहेर उशिरा मिळाला म्हणून मामा दोन वर्षं अण्णांशी बोलत नव्हता. पण बोहल्यावर नवरीच्या पाठीशी मामाच हवा. तो आला नाही, तर ताई अक्षता पडायच्या आधीच रडणार होती.

"नीट जा रे बाळा," आई म्हणाली आणि निम्मा रुबाब दारातच उतरला. उरलेला कागलच्या एसटीत गेला.

"सोबत कोण हाय रं?" कंडक्टरने विचारलं.

"मीच हाय की!"

सगळी गाडी हसली. लांब बाहीतून बोटं शोधून काढून मी तिकीट घेतलं आणि कोल्हापूर येईपर्यंत खिडकीबाहेरचा ऊस आणि गुऱ्हाळांचा धूर बघत बसलो.

स्टँडजवळ मिसळ मागवली. "कट (तिखट रस्सा) जादा," असं घोगऱ्या आवाजात सांगितलं. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून धारा लागल्या. हॉटेलवाल्याने न विचारताच दह्याची वाटी आणून ठेवली. मी ती चाटूनपुसून खाल्ली.

जोतिबाच्या डोंगरावर, म्हणजे वाडी रत्नागिरीला, पायऱ्यांपासून झाडांपर्यंत सगळं गुलाबी होतं. 'चांगभलं'च्या गजरात कुणीतरी मूठभर गुलाल माझ्या तोंडावर उधळला. मिचमिच्या डोळ्यांनी खिशातली पत्रिका काढली, देवापुढे ठेवली आणि मोठं काम उरकल्याच्या ऐटीत उतरलो.

मंगळवार पेठेत दार मामीने उघडलं. "अगं बाई, किती वाळलास! दूध घे," म्हणाली. आमच्याकडे पाहुण्याला चहा देतात, दूध पोरांना.

मामा झोपाळ्यावर बसला होता. "दाजींना सवड न्हाय व्हय? पोराच्या हातनं आवतण?"

"त्यांचा पाय मोडलाय, मामा. आणि मी काय आता ल्हान न्हाय."

मामाने माझ्या गुलाबी मिशीकडे बघितलं. मिशी कसली, जेमतेम लव होती. त्याच्या कपाळाला कुंकू लावून मी पत्रिका पुढे केली. मामाने पत्रिका हातात घेतली आणि वरचं नाव मोठ्याने वाचलं.

"श्री जोतिबा देव, वाडी रत्नागिरी."

मी कोटाचे खिसे चाचपले. मामाची पत्रिका डोंगरावर राहिली होती.

"हे दाजींनी मुद्दाम केलं?" मामा उठून उभा राहिला.

छापखान्यावर ढकलता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"न्हाय मामा, माझी चूक हाय. गुलाल डोळ्यांत गेला, मी नाव बघितलं न्हाय. तुमची आता वरनं घेऊन येतो. राग माझ्यावर काढा, ताईवर नको." मी कोट सावरून चपला घालू लागलो.

"थांब!" मामा ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "टॉवेलाच्या वक्ताला तुझ्या बापानं एवढंच म्हटलं असतं, तर दोन वर्षं गेली नसती. बस खाली. डोंगरावर मी जातो. देवाचं देवाला देतो, माझं घेऊन येतो. आणि लग्नाला आदल्या दिवशी हजर."

मग आत वळून त्याने आवाज दिला, "अगं, ते दूध राहू दे. पावण्याला चहा टाक!"

चहात साखर होती की नव्हती, मला आजही सांगता येणार नाही. एवढं सुख मला त्या वयात सोसवत नव्हतं.

दिवेलागणीला घरी पोहोचलो. "मामा येतोय," म्हटलं. ताई पदराने डोळे पुसत हसली. मग पत्रिकेचा घोळ सांगितला, टॉवेलाचंही.  अण्णा म्हणाले, "लग्नात त्याचा आहेर पहिला. तुझ्या हातनं."

आईने दुधाचा पेला पुढे केला. मी ऐटीत नको म्हणणार होतो. पण दिवसभरात मिसळीनंतर पोटात चहाच काय तो गेला होता. मी पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"अजून हाय का गं?" मी विचारलं.