पाण्यासाठी सोडलेला दोर

लेकानं बांधलेल्या नव्या घराच्या अंगणात आज सकाळी मी आंब्यापासून खांबापर्यंत कपड्यांची दोरी बांधली. बायकोनं धुणं टाकलं आणि सगळं मातीला टेकलं.

"केवढी सैल बांधलीत हो," ती म्हणाली.

जन्मभर आम्ही दोघं मालाच्या होडीवर राहिलो. ओहोटीला होडी खाली उतरते, म्हणून धक्क्याला बांधताना दोर सैल सोडायचा. ताणून बांधला तर तुटतो. इथं आंबा आणि खांब उद्याही जागच्या जागीच असणार. लोक यालाच निवांतपणा म्हणतात. असेल. पण पाणी कुठवर आलं हे न बघता सुरू झालेला दिवस मला दिवसच वाटत नाही. इथं राहायला आल्यापासून आठ दिवस तसं मानून घेऊन पाहिलं.

दुपारी होडी विकत घ्यायला गिऱ्हाईक येणार होतं. मी लेकाला फोन केला. "त्याला येऊ नको म्हणून सांग. मी होडीवरच राहणार."

"आणि आई?"

मी वळून पाहिलं. तिनं धुणं पुन्हा खळबळून बादलीत भरलं होतं, आणि बादली घेऊन ती धक्क्याच्या वाटेला लागलीसुद्धा होती.