न्यायाच्या खुर्चीवर दावा लागत नाही

आम्ही ठाण्यास होतो तेव्हा हे माजिस्ट्रेट होते. मागल्या दारी एक आगरी बाई भाजी घेऊन येई. तिचा नवरा खाडीवरच्या मिठागरात कामाला. वर्षाचं पहिलं मीठ पडलं की मूठभर गावदेवीपुढं ठेवायचं, हा त्यांचा रिवाज तिनंच मला सांगितला होता.

मिठावर सरकारचा पहारा. त्या साली ती मूठ फडक्यात बांधून नेताना शिपायांनी त्याला धरलं. खटला यांच्यापुढं आला. जेवताना हे भावजींना म्हणाले, "देवीचं मीठ म्हणतो. पण साक्षीला एक माणूस नाही."

"चोराला देवी बरी आयती सापडते!" भावजी हसले.

मी ताकाचं भांडं घेऊन तिथंच उभी होते. मला ठाऊक होतं. पण कचेरीच्या गोष्टीत बायकांनी बोलायची रीत नव्हती, आणि माझं तर एरवीही तोंड उघडत नसे. मी ताक वाढलं.

त्याला तीन महिने कैद झाली. दुसऱ्याच महिन्यात तुरुंगात हगवण लागून तो गेला. मग मिठागराच्या मुकादमानं कबूल केलं, की मूठ न्यायला आपणच सांगितलं होतं. भिऊन तो गप्प बसला होता.

बाईनं वकील गाठून यांच्यावर दावा केला. तो उभाच राहिला नाही. भावजी पेढे घेऊन आले. "न्यायाच्या खुर्चीवर बसून केलेल्या कामाबद्दल माजिस्ट्रेटावर दावा लागत नाही. कायदाच आहे तसा. वहिनी, तोंड गोड करा!"

दुसऱ्या दिवशी ती आली. "मना पैकं नको, बाय. सायबांनी गावात येऊन एकदाच सांगावा, यो चोर नव्हता. पोरीला कोण मागणी घालीत नाय."

मी यांना सांगितलं.  हे म्हणाले, "मी पुरावा पाहून निकाल दिला. चुकलो म्हणून गावोगाव सांगत फिरलो, तर उद्या कचेरीत कोण ऐकेल?" त्या दिवशी हे जेवले नाहीत.

चार बायकांत जाऊन मी तरी सांगू शकले असते. मी दाराआडून म्हटलं, "ते यायचे नाहीत." ती "बरं, बाय" म्हणाली आणि गेली. मुलगी पुढं खडवलीकडच्या एका उतारवयाच्या बिजवराला दिली असं कळलं.

तिच्या नवऱ्याला मी कधी पाहिलं नव्हतं. तरी तो मला दिसतो. यांच्याकडं तो बघत नाही. मी काही बोलते का, एवढंच बघत उभा असतो.