संपात सुटलेलं पोट

माझे वडील परळच्या एका गिरणीत कापड विणायचे साचे चालवायचे. वीस वर्षं त्यांनी रातपाळी केली, तीही मागून घेतलेली. पहाटे ताजंतवानं उठणारी माणसं त्यांना कधी समजली नाहीत. सकाळी घरी येऊन ते जेवायचे, झोपायचे आणि दुपारी तीनला उठायचे. डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत आम्ही भावंडं कुजबुजतच वाढलो. अंगानं वडील अगदी सडसडीत होते.

संप सुरू झाला. आईनं ठरवलं, आता तरी यांनी चारचौघांसारखं रात्री झोपावं. वडिलांनी ऐकलं. दहाला आडवे व्हायचे आणि पहाटेपर्यंत जागे असायचे. जागेपणी भूक लागायची. संपात आईनं गिरगावातल्या कचेऱ्यांना जेवणाचे डबे द्यायला सुरुवात केली होती, त्यामुळे पातेल्यात काहीतरी उरलेलं असायचं. ते संपवायचे. सकाळी सातला आई उठवून न्याहारी द्यायची. तीही खायचे. दिवसभर पेंगायचे. चार महिन्यांत पँटचं बटण लागेना.

चाळीत बाकीच्यांचे गाल बसत चालले होते. अर्धी बिऱ्हाडं कोकणात गेली होती. त्यात एकट्या माझ्या वडिलांचं पोट सुटत होतं. नळावर बोलणं सुरू झालं, की हे चोरून कामावर जातात आणि गिरणीतच जेवतात.

एका सकाळी त्यांच्याच खात्यातले तिघे विचारायला आले. वडिलांनी एकही मोर्चा चुकवला नव्हता. पण झोपेनं त्यांचे डोळे उघडत नव्हते, मान खाली होती. ते अपराध्यासारखेच दिसत होते.

आई चहा ठेवत म्हणाली, "खातात ते घरातलंच. रात्री निजायला मी लावलं, त्याचं हे झालंय."

तिघांतला एक म्हणाला, "मलापण रात्री दोन वाजता भूक लागते, वहिनी." चहा पिऊन ते गेले.

दोन दिवसांनी आईनं सांगितलं, "आजपासून दिवसा निजा. पण रात्री जागणार तर भाजी चिरायची, कणीक मळायची. आणि मध्ये खायचं नाही."

त्यांनी तसंच केलं. संध्याकाळी एकदा जेवायचे, सकाळी डबे भरून झाले की एकदा. पावसाळा संपेपर्यंत पोट उतरलं. नळावर आता ते आजारी असल्याचं बोललं जाऊ लागलं.

गिरणीनं त्यांना परत घेतलं नाही. डबे मात्र चालले.

पुढे मला वरळीला नोकरी लागली, सकाळी नऊची. माझी झोपही वडिलांवर गेलेली. वर्षभरात मी चांगलीच जाड झाले. एका सकाळी मी चपला घालत होते आणि वडील डबे भरून झाल्यावर हात पुसत माझ्याकडे बघत होते.

"तुमच्या ऑफिसात रातपाळी नाही का गं?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. मग ते झोपायला गेले.