शनिवारी मार्थाकडे

आमच्या घरात दोन गोष्टी कुणाला टाकवत नाहीत, म्हणून त्या साठत जातात. दह्याचे रिकामे डबे आणि त्या शेतावरच्या रेस्टॉरंटचे किस्से. डबे बेसमेंटमध्ये आहेत. किस्से पाहुणे आले की बाहेर येतात, आणि दर वेळी माझा नवरा मंदार म्हणतो, "अगं, तो बेकनचा नको हं!" मग तो सांगावाच लागतो.

आधी ओळख करून देते. आम्ही परदेशात, मिल्टनला राहतो. मी, मंदार, आमची नऊ वर्षांची इरा आणि यंदाच्या मे महिन्यात नागपूरहून आलेल्या माझ्या सासूबाई. मंदारचे बाबा गेल्या वर्षी गेले. आई तिथे फ्लॅटमध्ये एकट्याच, म्हणून आम्ही त्यांना हट्टानं इकडे आणलं. तासाभराच्या ड्राइव्हवर आमिश लोकांचं, म्हणजे वीज-मोटारींशिवाय जुन्या पद्धतीनं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं, एक रेस्टॉरंट आहे. आजूबाजूला मक्याची शेतं, रस्त्यावर घोडागाड्या, डोक्याला पांढऱ्या टोप्या बांधलेल्या बायका आणि रेस्टॉरंटला लागूनच त्यांचं दुकान. लोणी, जॅम, लोणची, गोधड्या, सगळं घरचं. आईंना मॉल आवडत नाहीत आणि मंदारला घरी बसवत नाही. त्यामुळे वीकेंडच्या ब्रेकफास्टला तिकडे जायचं हे ठरूनच गेलं.

*

आईंना पहिल्यांदा नेलं तो रविवार होता. एरवी आम्ही शनिवारी जायचो, पण तेव्हा इराचा स्विमिंग क्लास मध्ये आला. मंदार म्हणाला, "वीकेंड म्हणजे वीकेंड! शनिवार काय, रविवार काय."

तासभर गाडी हाकून पोचलो तर दाराला कुलूप. रविवारी ही मंडळी चर्चला जातात, दुकान नाही की रेस्टॉरंट नाही. इरा रडकुंडीला आलेली, मंदार फोनवर जवळपासची कॉफी शोधतोय आणि मी मंदारला बोलायला शब्द शोधतेय.

आईंनी शांतपणे पर्स उघडली. त्यातून दशम्या निघाल्या, ठेचा निघाला, लिंबाच्या लोणच्याची डबी निघाली. रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या डिकीवर आमची पंगत बसली.

"आई, तुला कसं कळलं गं बंद असेल म्हणून?" मंदार तोंडात घास घेऊन म्हणाला.

"मले कुठलं कळते बाप्पा! पण तुझ्या बाबांबरोबर जन्मभर फिरले नं मी."

*

आता बेकनचा. आई पक्क्या शाकाहारी. अंड्यालाही हात लावत नाहीत. त्या आल्यापासून आमच्याकडची अंडी बेसमेंटच्या फ्रिजमध्ये लपली होती आणि मंदार सोवळ्यात वावरत होता.

पुढच्या शनिवारी आम्ही नीट आत जाऊन बसलो. आईंसाठी ओटमील आणि परतलेले बटाटे सांगितले. वेट्रेस मंदारकडे बघून प्रेमानं हसली. "तीन अंडी आणि एक्स्ट्रा बेकन? ॲज ऑलवेज?"

मंदारचा चेहरा पांढरा पडला. "आई, तिची काहीतरी गल्लत होतेय. यांना आपण सगळे इंडियन सारखेच दिसतो."

"नो बाबा, दॅट्स यू!" इरा म्हणाली. "यू इव्हन ईट माइन!"

आईंना इंग्रजी येत नाही, पण 'ऑलवेज' कळण्याइतकं येतं. त्यांनी नॅपकिनची नीट घडी घातली. "तुझ्या बाबांनाही ऑफिसच्या कॅन्टीनवाल्यानं माझ्यासमोर विचारलं होतं, 'साहेब, नेहमीचं ऑम्लेट?' तेही हेच म्हणाले होते, गल्लत होतेय."

मंदारनं मेन्यूकार्डात डोकं खुपसलं. मग प्लेट आली, आणि आईच म्हणाल्या, "खा आता, थंड होते. आणि खालच्या फ्रिजमधली अंडी मी पहिल्याच आठवड्यात पाहिली. तिथेच राहू दे. माझ्या दुधाजवळ आणायची नाहीत."

*

दुकान सांभाळते ती मार्था. वयानं आईंएवढीच असेल. पायघोळ गडद निळा ड्रेस, वर ॲप्रन आणि डोक्याला ती टोपी, एक केस बाहेर दिसायचा नाही. आई दुकानात शिरल्या, मार्थाकडे पाहिलं आणि झटकन आपल्या डोक्यावर पदर घेतला.

"आई, इथे काही गरज नाही त्याची," मी हळूच म्हणाले.

"ती एवढी डोकं झाकून उभी आहे, मी तिच्यासमोर उघड्या डोक्यानं जाऊ? शोभते का?"

तेव्हापासून आई त्या दुकानात पदर घेऊनच फिरतात. सुती साडी, पायात स्नीकर्स आणि डोक्यावर पदर! मार्था दोनतीन शनिवार ते बघत होती. शेवटी तिनं मंदारला बाजूला घेतलं आणि अगदी आदरानं विचारलं, "तुझी आई कुठल्या पंथाची?"

मंदार म्हणाला, "नागपूर."

मार्थानं समजल्यासारखी मान हलवली. तिला काय समजलं ते देव जाणे.

*

तिच्या दुकानात एका टेबलावर चव बघायला लोणची ठेवलेली असतात. आईंनी काकडीचं लोणचं तोंडात टाकलं. गोड! त्यांनी डोळे मिटून कसंबसं गिळलं आणि मला म्हणाल्या, "बिचारी. तिले कुणी शिकवलंच नाही वाटते."

मी "आई, नको, नको" म्हणेपर्यंत पर्समधली लिंबाच्या लोणच्याची डबी मार्थापुढे उघडली गेली होती. मार्थानं एक अख्खी फोड उचलली. तिचे डोळे भरून आले, नाक लाल झालं, एका हातानं तिनं काउंटर घट्ट धरला. मंदार पाणी आणायला धावला. मला वाटलं, आता आपलं इथलं येणं संपलं.

मार्थानं पाणी बाजूला ठेवलं आणि दुसरी फोड उचलली.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही ब्रेकफास्ट करायचो आणि आई मार्थापाशी स्टुलावर बसायच्या. या वऱ्हाडी मराठीत, ती त्यांच्या कसल्याशा जर्मनमध्ये. गोधडीला टाके कसे घालायचे यावर एकदा दोघींचं चांगलं वाजलंसुद्धा!

*

मंदारच्या गाडीचाही एक आहे. त्यानं मोठ्या हौसेनं इलेक्ट्रिक गाडी घेतली, आणि घरी रात्री चार्जिंगला लावायची विसरला. शेतावर पोचलो तेव्हा बॅटरी जेमतेम उरलेली. तर हा जाऊन मार्थाला विचारतो, "इथे कुठे चार्जर आहे का?" मार्थानं छताला टांगलेल्या कंदिलाकडे पाहिलं. मग ती बाहेर येऊन गाडीभोवती एक चक्कर मारून आली.

"ही किती लांब जाते?"

"चारशे किलोमीटर!" मंदारची छाती फुगली.

"आणि मग?"

"मग थांबावं लागतं. थोडा वेळ एका जागी उभी करून... म्हणजे, तिला भरवावं लागतं."

मार्थानं शेजारी गवत खात उभ्या असलेल्या आपल्या घोड्याच्या पाठीवर थाप मारली. "तर मग आपलं सारखंच आहे."

*

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण घरी आई कोमेजत चालल्या होत्या. आम्ही दोघं कामात, इरा शाळेत. समोरच्या घरी एक जोडपं राहतं, त्यांना आईंनी हौसेनं डबाभर पुरणपोळ्या पाठवल्या. दुसऱ्या दिवशी डबा परत आला. घासून पुसून लखलखीत, सोबत थँक यू कार्ड. आईंनी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि झाकण लावलं.

"आई, छान कार्ड दिलंय बघा," मी म्हणाले.

"हो. आणि डबा रिकामा दिला," त्या म्हणाल्या. "साखरेची चिमूट तरी टाकावी माणसानं."

मी त्यांना इथली पद्धत समजावली. त्यांनी ऐकून घेतलं. पण त्या रात्री जेवताना म्हणाल्या, "मंदार, माझं परतीचं तिकीट अलीकडे घे. इथे कुणी माझ्याकडे काही आणत नाही, मी कुणाकडे काही नेत नाही. मग मी इथे असून काय करू?"

मंदारनं समजावलं, मी समजावलं. तिथे त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये एकट्याच बसाल, असंही बोलून पाहिलं. पण आई बधल्या नाहीत. ऑक्टोबरचं तिकीट ऑगस्टवर आलं, गुरुवारचं.

*

त्याआधीच्या शनिवारी आई पहाटे उठल्या. बेसनाचे लाडू वळले, स्टीलच्या मोठ्या डब्यात भरले आणि डबा मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. ब्रेकफास्टला त्यांनी काही खाल्लं नाही. सरळ दुकानात गेल्या, पदर घेतला आणि डबा मार्थाच्या हातात दिला. मी मार्थाला सांगितलं, आई परत चालल्यात, गुरुवारी.

मार्था डबा उचलून मागच्या दारानं घराकडे निघून गेली.

आम्ही थांबलो. इराची दुकानातली सगळी लाकडी खेळणी बघून झाली. मंदारनं घड्याळ पाहिलं. "आई, तो डबा राहू दे तिच्याकडे. आपण दुसरा घेऊ."

आई जागच्या हलल्या नाहीत. त्यांची नजर त्या मागच्या दारावर खिळली होती. आणि खरं सांगते, माझीही! मनातल्या मनात मी म्हणत होते, मार्थाबाई, कार्ड देऊ नका हो.

दार उघडलं. मार्थाच्या हातात वेताची एक जुनी टोपली होती. टोपलीत आईंचा धुतलेला डबा आणि डब्याभोवती गवत घालून रचलेली अंडी! तपकिरी, पांढरी, काही निळसर. एकावर तर कोंबडीचं पीसही चिकटलेलं.

मंदार पुढे झाला. "आई, दे इकडे, मी डिकीत ठेवतो."

"कायले?" आई म्हणाल्या. त्यांनी टोपली दोन्ही हातांनी घेतली आणि तशीच मांडीवर ठेवून गाडीत बसल्या. हायवेला लागेपर्यंत दर खड्ड्याला, "हळू चालव रे! हळू!"

घरी आल्यावर मंदारनं टोपली उचलली आणि बेसमेंटचा जिना धरला.

"तिकडे कुठे निघाला? आण इकडे." आईंनी वरचा फ्रिज उघडला. एकेक अंडं स्वतःच्या हातानं उचलून दुधाच्या शेजारी मांडलं. मग टोपलीतलं गवत झटकलं, ती कोरड्या फडक्यानं पुसली आणि ओट्यावर ठेवून बराच वेळ तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"मंदार, तिकीट अजून बदलता येते का?"

"आत्ताच तर बदललं! का गं?"

"मार्थाची टोपली द्यायची आहे नं. गुरुवारी गेले तर शनिवार कसा गाठू?"

"एवढंच ना? अगं, मी देऊन येईन की टोपली! तसाही मी जातोच तिकडे."

आईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"रिकामी?"