सलामीच्या हातावरची लाल अक्षरं

"मॅडम, लाईट गेली का?" असं विचारून मी डोळ्यांवरचा नारिंगी चष्मा काढायला हात वर नेला. डॉक्टर मॅडमनी लेझर यंत्राच्या पेडलवरचा पाय झटक्यात उचलला.

"काका, चष्म्याला हात लावू नका. लाईट आहे. हिरवा प्रकाश अडवायलाच तो चष्मा दिलाय, म्हणून तुम्हाला तो दिसत नाही."

खाटेवर डोळे झाकून पडलेला माझा मुलगा म्हणाला, "मॅडम, ह्यांला भाईर बसवा."

बीडमधला कातडीचा दवाखाना होता तो. पोराला निमलष्करी दलात भरती व्हायचं होतं. नेकनूरहून मांजरसुंब्याच्या रस्त्यावर रोज पहाटे पळून त्यानं बुटांचे तळ झिजवले होते. पण जत्रेत कधीतरी त्यानं उजव्या हातावर लालभडक 'आई' गोंदून घेतलं होतं, आणि सलामीच्या हातावर गोंदण चालत नाही. डाव्या हाताला चाललं असतं.

"मग डावा कावून नाही दिला?" मी विचारलं होतं.

"गोंदणारा उजव्या बाजूला बसलाता," तो म्हणाला. ह्या घराण्यातले सगळे मोठे निर्णय असेच झालेत.

आता वैद्यकीय तपासणीच्या आत ती अक्षरं गेली तर ठीक, नाहीतर सगळं पळणं वाया. आणि बायकोला हे सांगायचं काम माझ्याकडं आलं. ती भाकरी थापत होती. मी बराच वेळ पावसापाण्याचं बोललो, मग सांगून टाकलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "काढा." बस्स. त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही. ती भांडली असती तर मला झोप लागली असती.

दवाखान्यात मला बाहेर बसवलं नाही, पण गप्प बसवलं. गप्प बसायचं म्हणजे माझा पाय आपोआप हलायला लागतो. यंत्रातून नुसतं टक्, टक् ऐकू येत होतं, आणि प्रत्येक टक्‌ला पोराची बोटं आवळत होती. मॅडमनी मधे थांबून समजावलं. यंत्रातली स्फटिकाची कांडी जो प्रकाश देते तो डोळ्याला दिसतच नाही. तो लाल शाईवर फारसा चालत नाही. म्हणून त्याला आणखी एका स्फटिकातून काढायचं, की त्यातला बराचसा हिरवा होऊन बाहेर येतो. लाल रंग हिरवा प्रकाश शोषतो आणि फुटतो.

"पण एवढ्याशा उजेडानं फुटतो कसा?" मी विचारलं.

"तो सारखा सोडत नाही, काका. आत साठवून ठेवायचा आणि डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी सगळा एकदम सोडायचा. म्हणून जोर."

हे मला लगेच कळलं. साठवून ठेवून एकदम सोडणं मी लग्नापासून बघतोय. मी स्वतः दिवसभर थोडं थोडं बोलणारा माणूस, माझ्यानं कधी काही फुटलं नाही.

एका बैठकीत भागलं नाही. मधे कातडी बरी व्हायला आठवडे जायचे. तेवढ्या दिवसांत मी मोबाईलची बॅटरी लावून रोज त्याचा हात तपासायचो. 'ई'वरचा रफार आधी गेला, 'आ'चा काना काही केल्या हलेना.

"पप्पा, बघून बघून रंग जात न्हाई," पोरगा म्हणायचा. "आन् लई दाबू नका."

मलम मात्र रोज बायकोच लावायची. अक्षराच्या वळणावरून बोट फिरवायची आणि उठून जायची. मी तिच्या तोंडाकडं बघत बसायचो. त्यावर काहीच वाचता यायचं नाही.

शेवटी तो कानाही गेला, आणि तपासणी झाली. पोरगा दारातूनच म्हणाला, "मम्मे, पास झालो. हात बघितला, काई बोलले न्हाईत."

बायकोनं त्याचा हात उजेडात धरला, उलटसुलट केला. ती म्हणाली, "बरं झालं गेलं ते. 'आई' लिवलेला हात एक दिवस माझी घागर उचलायला आला न्हाई. आता कोरा हाय, तर येतो का बघू."