ओमानातला भारद्वाज

फोटो मोठा करून न बघताच मी उत्तर ठोकून दिलं, "भारद्वाज." चार रविवार अंबाझरी तलावावर दुर्बीण गळ्यात घालून हिंडलो, तेव्हापासून पक्ष्यांच्या बाबतीत घरात माझाच शब्द शेवटचा. दुसऱ्या कुणी दुर्बीण घेतलीच नाही, एवढंच त्याचं कारण.

फोटो धाकट्या भावानं पाठवलेला. आधी सावनेरला कोळशाचा डंपर चालवायचा, मग दक्षिण ओमानात दगडाच्या खाणीवर गेला. खडकावर काळा पक्षी, पंखात नारिंगी झाक. खाली लिहिलं होतं, "दादा, हा कोणता गा? अन् करार संपून राहिला. अजून दोन वर्षं राहू, का वापस येऊ?"

भारद्वाज दिसला की आई आम्हा दोघांना थांबवून हात जोडायला लावायची. हाती धरलेलं काम तडीस जातं म्हणे. तेव्हा मी पुढे लिहिलं, "भारद्वाज म्हणजे शुभ. बिनधास्त राहा." त्यानं जोडलेले हात पाठवले आणि सही करून टाकली.

आठ महिन्यांनी डंपरमध्येच त्याच्या छातीत कळ आली. घरी आली ती पेटी.

परवा त्याच्या बायकोनं त्याचा फोन माझ्याकडे दिला, मुलांसाठी त्यातले फोटो काढून ठेवायला. त्यात त्याच पक्ष्याचा व्हिडिओ सापडला. दहा-बारा पक्षी कड्यावर बसून शीळ घालत होते. भारद्वाज असा थव्यानं बसत नाही. तो झुडपांतून एकटा-दुकटा चालतो, आणि त्याचा आवाज खोल, घुमणारा. हे उडाले तेव्हा नारिंगी रंग पंखांच्या टोकांकडेच चमकला. भारद्वाजाचा अख्खा पंख विटकरी असतो, डोळा लालभडक. हे कळायला मला पुस्तक घेऊन तीन संध्याकाळी लागल्या. ती मैना निघाली. आपल्या साळुंकीची लांबची नातलग, कोरड्या कड्याकपारींत राहणारी. तिच्या दिसण्यानं कुणाचं काही होत नाही.

व्हिडिओत मागून भाऊ कुणाला तरी अभिमानानं सांगत होता, "मेरे भैया ने पहचाना. भारद्वाज है."

माझी बायको कपड्यांच्या घड्या करत होती. तिला म्हटलं, "चुकलं वं माझं. भारद्वाज नव्हताच तो."

हातातला शर्ट तिनं खाली ठेवला.

"पक्ष्याचं जाऊ द्या हो," ती म्हणाली. "भावाले 'घरी ये' म्हणायले तुम्हाले पक्षी काहून पाहिजे होता?"